बत्तीस किलोमीटरचे वेल्डिंग

९ मे २०२४ रोजी तमिळनाडूतील महेंद्रगिरीच्या चाचणी केंद्रात इस्रोने एक रॉकेट इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. पीएसएलव्हीच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या टप्प्यात बसणारे हे इंजिन. जात जुनी, अनेक उड्डाणांत पारखलेली. नवी होती ती बनवण्याची पद्धत. पूर्वी १४ सुटे भाग घडवून, कातून, १९ ठिकाणी वेल्ड करून हे इंजिन उभे राहत असे आणि त्यासाठी फोर्जिंग व पत्रा मिळून ५६५ किलो कच्चा माल लागत असे. नव्या पद्धतीत ते एकाच तुकड्यात तयार झाले. लेसरने धातूची पावडर थरावर थर वितळवत नेली आणि पावडर लागली १३.७ किलो. बनवण्याचा वेळही साठ टक्क्यांनी कमी झाला.

५६५ आणि १३.७ हे आकडे वर्तमानपत्रांनी उचलले, आणि ते उचलण्याजोगेच आहेत. माझे मन मात्र १९ या आकड्यापाशी थांबले. वेल्डचे १९ जोड गेले, असे आपण सहज म्हणतो. ज्याने वेल्डिंगच्या कामात वर्षे घातली आहेत, त्याला यात आणखी काही दिसेल. पूर्वी वेल्डिंग १९ ठिकाणी होते. आता ते इंजिनभर आहे. लेसरखाली पावडर वितळते, खालच्या थराचा थोडा भाग आपल्यासोबत वितळवते आणि दोन्ही मिळून गोठतात. हे वेल्डिंगच आहे, फक्त अतिशय बारीक आणि अतिशय वेगवान. सगळा जॉब, आतून बाहेरून, या वेल्डचाच बनलेला असतो. हे पुस्तक त्या एका जाणिवेतून लिहिले आहे.

किती वेल्डिंग, याचा हिशेब करून पाहू. स्टीलचा एक किलोचा जॉब घ्या. त्याचे आकारमान साधारण १२७ घनसेंटिमीटर. थराची जाडी ४० मायक्रॉन आणि शेजारच्या दोन रेघांतले अंतर १०० मायक्रॉन धरले, तर एवढा धातू भरण्यासाठी लेसरला जवळजवळ ३२ किलोमीटर लांबीची रेघ ओढावी लागते. लेसर सेकंदाला एक मीटर वेगाने पळाला तरी पावणेनऊ तास नुसती रेघ ओढण्यात जातात. जॉब १०० मिलिमीटर उंच असेल तर थर होतात २,५००, आणि प्रत्येक थराआधी नवी पावडर पसरण्यात काही सेकंद जातात ते वेगळेच. आता बॉयलरच्या किंवा पाइपलाइनच्या वेल्डरला विचारा, ३२ किलोमीटर वेल्डमध्ये एकही दोष चालणार नाही असे सांगितले तर तो काय म्हणेल? या तंत्राची सगळी अवघड बाजू या प्रश्नात आहे, आणि आजवर त्यावर मिळवलेले यशही.

कामाची रीत सांगायला सोपी आहे. मशीनच्या बंद कक्षात एक जाड प्लेट बसवलेली असते. कक्षात आरगॉन किंवा नायट्रोजन भरलेला असतो आणि ऑक्सिजनचे प्रमाण एक दशांश टक्क्याच्या खाली ठेवलेले असते. धान्याचे माप भरल्यावर वरून हात फिरवून ते सपाट करतात, तसे एक पाते पावडरीवरून फिरते आणि प्लेटवर ३० ते ५० मायक्रॉनचा सपाट थर बसवते. पावडरीचे कण गोल, साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे. मग आरशांनी वळवलेला लेसर त्या थरातला हवा तेवढाच भाग वितळवतो. प्लेट एका थराइतकी खाली सरकते, पाते पुन्हा फिरते. न वितळलेली पावडर शेवटी चाळून परत वापरता येते. आकार कॉम्प्युटरवरच्या त्रिमितीय चित्रातून थेट येतो. साचा नाही, डाय नाही, पॅटर्न नाही. ‘वेगवान’ हे विशेषण या पद्धतीला मिळाले ते त्यामुळे. ताशी शंभर-सव्वाशे ग्रॅम धातू बसवणारे मशीन काही वेगवान म्हणता येणार नाही. वेळ वाचतो तो ड्रॉइंग हातात आल्यापासून पहिला जॉब टेबलावर येईपर्यंतच्या वाटेत. साच्यासाठी थांबायचे महिने तेथे गळून पडतात.

खरी गंमत लेसरच्या ठिपक्याखाली आहे. ठिपक्याचा व्यास असतो सुमारे ८० ते १०० मायक्रॉन आणि त्यात २०० ते ४०० वॉट ओतलेले असतात. एवढ्याशा जागेत एवढी उष्णता आल्यावर धातू वितळून थांबत नाही, पृष्ठभागावर तो उकळतो. वर उडणारी वाफ खालच्या वितळलेल्या धातूला रेटा देते आणि डबक्यात खळगा पडतो. या खळग्याला आपल्याकडचे लोकही ‘कीहोल’च म्हणतात. खळगा खोल झाला की लेसर त्याच्या भिंतींवरून पुन्हा पुन्हा परावर्तित होतो, त्यामुळे जास्त ऊर्जा आत शोषली जाते आणि खळगा आणखी खोल जातो. थोडा खोल खळगा चांगला, कारण खालचे थर नीट वितळून एक होतात. अति खोल झाला की त्याचा तळ डळमळतो, बुडाशी वाफेचा बुडबुडा तुटून अडकतो आणि धातू गोठल्यावर तेथे गोल पोकळी राहते. उलट, शक्ती कमी पडली किंवा वेग जास्त झाला, तर दोन रेघांमध्ये पावडर तशीच राहते आणि चपट्या, वेड्यावाकड्या, कडेला धारदार अशा पोकळ्या तयार होतात. गोल पोकळीपेक्षा या चपट्या पोकळ्या मला अधिक घातक वाटतात. वारंवार ताण बसणाऱ्या भागात चीर तेथूनच निघते.

हे सगळे बरीच वर्षे अंदाजाने सांगितले जात होते. जॉब कापायचा, घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि वितळताना काय झाले असेल याचा तर्क करायचा. मग अमेरिकेतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या सिंक्रोट्रॉनवर, प्रखर क्ष-किरणांच्या साहाय्याने, धातूच्या आत चाललेले हे नाट्य अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले गेले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांसह केलेले ते काम २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. कीहोल कधी सुरू होतो, त्याचा उतार कशावर ठरतो, हे त्यात डोळ्यांना दिसले. या विषयाच्या विद्यार्थ्याने ती क्ष-किरण चित्रे एकदा तरी पाहावीत. मशीनच्या पडद्यावर दिसणारे ‘पॉवर’ आणि ‘स्पीड’ हे दोन आकडे त्यानंतर कोरडे राहत नाहीत.

डबके गोठते तेही झटक्यात. थंड होण्याचा दर सेकंदाला लाखो अंशांच्या घरात असतो. ओतकामात किंवा फोर्जिंगमध्ये धातूला आपली अंतर्रचना मांडायला जो अवधी मिळतो, तो येथे मिळतच नाही. ३१६एल स्टेनलेस स्टीलमध्ये इतकी बारीक जाळी तयार होते की २०१७ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या चमूने अशा स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ नेहमीच्या स्टीलहून बरीच जास्त असल्याचे आणि तरीही त्याची तन्यता टिकून असल्याचे दाखवले. टायटॅनियमच्या परिचित मिश्रधातूचे, टीआय-६एएल-४व्हीचे, उलटे होते. तो कडक, ठिसूळपणाकडे झुकलेल्या रचनेत गोठतो आणि हीट ट्रीटमेंट केल्याशिवाय वापरण्याजोगा होत नाही. शिवाय धातूचे कण थर ओलांडून उभे वाढतात, त्यामुळे उभ्या आणि आडव्या दिशेची ताकद सारखी नसते. लेथवर काम करणाऱ्या टर्नरच्या हातात धातू तयार होऊन येतो. तो फक्त आकार देतो. येथे आकार आणि धातू एकाच क्षणी जन्माला येतात. कारखान्यात ही दोन कामे पिढ्यानपिढ्या वेगळ्या माणसांकडे राहिली आहेत, आणि या मशीनपुढे दोघांना एकत्र बसावे लागते.

तणावाबद्दल थोडक्यात सांगतो, सविस्तर मांडणी पुढे आहेच. वरचा थर थंड होताना आकसू पाहतो, खालचा घट्ट थर त्याला आकसू देत नाही. हजारो थरांत हा ओढाताणीचा हिशेब साठत जातो. पातळ कड वर वळते, पाते तिच्यावर आपटते आणि रात्रभर चाललेले काम पहाटे थांबते. म्हणून जॉब प्लेटला आधारांनी धरून ठेवावा लागतो. आडव्याशी ४५ अंशांहून कमी कोनात झुकलेल्या भागाखालीही आधार द्यावे लागतात. प्लेटसकट जॉब भट्टीत घालून तणाव घालवावा आणि मगच वायर कटने तो सोडवावा. घाईने हा क्रम उलटा केला की सरळ जॉब डोळ्यांदेखत वाकतो.

या विद्येचा इतिहास एका माणसाच्या नावावर लिहिता येत नाही. तरी मराठी वाचकाला एक नाव माहीत असावे, असे मला मनापासून वाटते. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९५८ मध्ये पदवीधर झाले, पुढे स्टॅनफर्डला आणि तेथून बेल लॅबोरेटरीजमध्ये गेले. १९६४ मध्ये तेथे त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर उभा केला. धातू कापण्याएवढी, जोडण्याएवढी सलग शक्ती देणारा लेसर कारखान्यांना मिळाला तो या शोधातून. पावडर वितळवणाऱ्या सुरुवातीच्या व्यावसायिक मशीनांतही तोच होता. १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा हा प्रकाश बहुतेक धातू परत फेकतात, म्हणून नंतर एक मायक्रॉनच्या आसपासचा फायबर लेसर आला आणि त्याने पावडरीच्या मशीनांत जवळपास सगळी जागा घेतली. पण वाट पहिल्यांदा कोणी रुळवली, हे विसरू नये.

थरावर थर वितळवून धातूचा भाग बांधण्याची कल्पना लेसरइतकी जुनी नसली तरी बरीच जुनी आहे. युनायटेड टेक्नॉलॉजीजच्या ब्राउन, ब्रायनन आणि कीअर या तिघांनी १९७९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तो १९८२ मध्ये मंजूर झाला. जेट इंजिनाच्या टर्बाइनची चकती अशी बांधावी, हा त्यांचा विचार होता. कॉम्प्युटरवरचे त्रिमितीय चित्र तेव्हा बाल्यावस्थेत होते, त्यामुळे तो विचार पुढे फारसा सरकला नाही. टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड या विद्यार्थ्याने प्राध्यापक जो बीमन यांच्या मार्गदर्शनाखाली पावडरीचा थर लेसरने निवडक जागी घट्ट करण्याची पद्धत घडवली; पेटंटचा अर्ज १९८६ चा. त्या काळात धातूच्या पावडरीत लवकर वितळणारा घटक मिसळत आणि तोच बाकीच्या कणांना धरून ठेवत असे. भाग दिसायला धातूचा, ताकदीला कमी. जर्मनीत आखेनच्या फ्राउनहोफर लेसर तंत्रज्ञान संस्थेत विल्हेल्म माइनर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तडजोड सोडून दिली. एकाच मिश्रधातूची पावडर, कसलाही बांधणारा घटक नाही, आणि ती पूर्ण वितळवायची. त्यांचा पेटंट अर्ज डिसेंबर १९९६ चा आहे. आज जगभर चालणारी बहुतेक मशीने त्याच तत्त्वावर चालतात.

दुसरे एक घराणे आहे आणि भारतासाठी ते पहिल्याइतकेच मोलाचे आहे. यात पावडर पसरत नाहीत. नोझलमधून वाहत्या वायूसोबत ती थेट लेसरच्या डबक्यात सोडतात. कण मोठे, डबके मोठे, बारकावा कमी, पण धातू भराभर बसतो आणि झिजलेल्या जुन्या भागावरही बसवता येतो. अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेत आणि मिशिगन विद्यापीठात ज्योती मझुमदार यांच्याकडे हे १९९० च्या दशकात वाढले. आपल्याकडे त्याचे मोठे केंद्र आहे इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. होळकरांच्या या शहरात अनेक घरांत मराठी बोलली जाते, पण तेथल्या लेसरकामाची ओळख मराठीत फारशी आलेली नाही.

इंदूरचे एक काम येथे सांगितलेच पाहिजे. कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीसाठी घर्षण सोसणारे, अतिशय कडक धातूचे बुश लागतात. अशा जागी सहसा कोबाल्टचा कडक मिश्रधातू वापरतात. अणुभट्टीत त्याची अडचण होते. झिजून निघालेला कोबाल्ट न्यूट्रॉन शोषतो आणि त्याचा कोबाल्ट-६० होतो. तो गॅमा किरण सोडत राहतो, त्याचे अर्धआयुष्य ५.२७ वर्षे. देखभालीला जाणाऱ्या माणसांच्या अंगावर तो डोस येतो. म्हणून निकेलवर आधारलेला कोल्मोनॉय-६ निवडला गेला. हा धातू इतका कडक की कातायला नको नको होते आणि वेल्ड करताना तडकतो. इंदूरच्या शास्त्रज्ञांनी लेसरखाली पावडर सोडून त्याचे बुश जवळपास अंतिम मापात बांधून दाखवले, म्हणजे कातायला उरले थोडेच. काताकातीला न जुमानणारा धातू आणि थोडीशी संख्या, ही या पद्धतीची खरी जागा. असे काम देशात झाले आहे, हे आपल्या पदविकेच्या मुलांना ठाऊक असायला हवे.

कोणता जॉब या मशीनवर चढवायचा, हा प्रश्न मला तंत्राहूनही महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत टनावारी ओतल्या जाणाऱ्या कास्ट आयर्नच्या जॉबला लेसर कधीही पर्याय होणार नाही. तासाला शंभर ग्रॅमवाल्याने टनवाल्याशी स्पर्धा करू नये. जी जागा लेसरची आहे ती वेगळी. जीई कंपनीने लीप जेट इंजिनाच्या इंधन नोझलचे टोक २० तुकड्यांऐवजी एका तुकड्यात बनवले, वजन २५ टक्क्यांनी उतरले, आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत अमेरिकेतील ऑबर्नच्या कारखान्यात अशी ३०,००० टोके झाली. वजनाचा प्रत्येक ग्रॅम जेथे मोजला जातो, तेथे महाग पावडरही परवडते.

भोसरी, चाकण, वाळूजच्या टूलरूमसाठी सर्वांत जवळचे दार मोल्डचे आहे. प्लॅस्टिकच्या मोल्डला थंड करणारे पाणी सरळ भोकांतून फिरते, कारण ड्रिल सरळच जाते. जॉबचा आकार मात्र वळणाचा. त्यामुळे काही कोपरे गरम राहतात आणि सगळे मोल्ड त्या एका कोपऱ्यासाठी थांबते. लेसरने बांधलेल्या इन्सर्टमध्ये पाण्याची वाट जॉबच्या पृष्ठभागाशी समांतर वळवता येते. सायकलमधला मोठा हिस्सा थंड होण्यातच जातो, म्हणून तेथे वाचलेला प्रत्येक सेकंद लाखो शॉट्समध्ये गुणला जातो. सगळे इन्सर्ट लेसरने बांधायची गरजही नाही. खालचा ठोकळा मिलिंगवर करावा, अवघड भाग त्याच्यावर लेसरने उभारावा. काटकसरीने चालणाऱ्या कारखान्याला साजेसा हा मार्ग आहे.

आणि माणसाचे शरीर. २०२१ मध्ये कोविडमागून आलेल्या काळ्या बुरशीने महाराष्ट्रात हजारो लोकांना ग्रासले. अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. जीव वाचला, पण घास चावता येईना, बोलणे नाकातून येऊ लागले, लोक चेहरा झाकून वावरू लागले. अशा रुग्णांच्या सीटी स्कॅनवरून त्यांच्याच कवटीच्या मापाची टायटॅनियमची चौकट लेसरने बांधून, गालाच्या शाबूत हाडाला स्क्रूने बसवून, तिच्यावर दात लावले गेले. प्रत्येक चौकट वेगळी, दुसऱ्या कोणालाही न बसणारी. या कामासाठी साचा बनवण्याचा विचारही व्यवहार्य नाही. माझ्या मते या तंत्राने दिलेल्या सर्व गोष्टींत ही सर्वांत मोठी आहे.

यापुढच्या प्रकरणांचा क्रम मुद्दाम लावला आहे. सुरुवात पावडरीपासून: कणांचा आकार, त्यांचा प्रवाहीपणा, ओलावा, परत वापरताना वाढणारा ऑक्सिजन. त्याला जोडूनच सुरक्षिततेचे प्रकरण येते, परिशिष्टात ढकललेले नाही. टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियमची बारीक पावडर हवेत उडाली तर ठिणगीने भडकते, आणि आरगॉनला वास नसल्याने तो खोलीत साठला तर माणूस नकळत कोसळतो. त्यानंतर लेसर आणि मेल्ट पूल, म्हणजे वितळलेल्या धातूचे डबके, मग धातुरचना, तणाव आणि आधार, मग हीट ट्रीटमेंट व हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग, आणि शेवटी तपासणी. तपासणीचे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे. ३२ किलोमीटरच्या वेल्डची खात्री द्यायची तर प्रत्येक प्लेटवर जॉबसोबत चाचणीचे तुकडे उभे करावे लागतात, ते ओढून तोडावे लागतात, महत्त्वाच्या भागाचे सीटी स्कॅन करावे लागते आणि पावडरीच्या डब्यापासूनची नोंद जपावी लागते.

इलेक्ट्रॉन बीमची मशीने आणि बाइंडर जेट या पुस्तकात नाहीत. वायर व आर्कने धातू बसवण्याची पद्धतही नाही. त्यात आयआयटी मुंबईत प्रा. के. पी. करुणाकरन यांनी वेल्डिंग आणि सीएनसी मिलिंग एका मशीनवर आणून केलेले काम वाचकाने स्वतंत्रपणे पाहावे. गणित बारावीच्या पुढचे फार थोडे आहे. ज्याने वेल्डिंग केले आहे त्याने मेल्ट पूलचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. ज्याने फक्त डिझाइन केले आहे त्याने मात्र ते वाचण्याआधी एखाद्या चांगल्या वेल्डरशेजारी, काच लावून, काही दिवस उभे राहावे. डबके कधी शांत असते आणि कधी उसळते, हे तो दाखवील.